साध्या पेट्रोलवर न चालणारी गाडी

उस्ताद वर्षानुवर्षं एकच खोटं बोलत आले. तेच ते, येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी त्याच शब्दांत. ते खोटं मी चहाच्या टेबलावर चारचौघांत उघडं पाडलं आणि त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. त्यानंतर सात महिन्यांनी माझा धाकटा भाऊ गाडीच्या अपघातात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं समजावणारे मला पुष्कळ भेटले. माझी बायको त्यात पहिली. मी मान हलवतो. पण त्या टेबलावर मी होतो आणि ती नव्हती.

उस्तादांचं गॅरेज जुन्या नांदेडात होतं. पत्र्याचं शेड, पुढं एक कडुनिंब, कडुनिंबाला टेकून ठेवलेली त्यांची सायकल. नांदेडातला सगळ्यात नावाजलेला मेकॅनिक आयुष्यभर सायकलीवर फिरला, ही गोष्ट आम्ही गमतीनं सांगायचो. हलवायानं साखर सोडल्यासारखं आहे, असं मी शिकवतो त्या कॉलेजातले एक जण म्हणायचे. उस्तादांना कुणी विचारलंच तर ते गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, डॉक्टरनं सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं, ते कधी कळलं नाही.

आमच्याकडं जुनी गाडी घ्यायची तर कुणी एकटा जात नाही. जाणता माणूस सोबत नेतात, तो बघतो आणि पास किंवा नापास सांगतो. मुलगी बघायला जाताना घरातलं एक पोक्त माणूस न्यावं, तसाच प्रकार. नांदेडात हा मान उस्तादांचा. एरवी त्यांच्या अंगावर ग्रीसनं काळा झालेला सदरा असायचा, पण गाडी बघायला निघाले की इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजमा, डोक्यावर टोपी, कानात अत्तराचा फाया. याचे ते पैसे घेत नसत. अर्धापूरच्या बाजूनं येणार असाल तर एक डझन केळी आणा, एवढंच. मालकाच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नसत. चहा घेतला की जीभ जड होते म्हणायचे.

आणि गाडी बघायची त्यांची तऱ्हा तर बघत राहावी अशी. आधी इंजिन सुरू करू देत नसत. ऑइलची काडी काढून हुंगायचे. मग इंजिन सुरू करायला लावून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. इतकं इतर मेकॅनिकही करतात. पण नंतर उस्ताद चारही दारं तीन-तीनदा उघडून मिटून बघायचे. दाराच्या खांबावरून, छपरापासून खालपर्यंत, अंगठा दाबत न्यायचे. शेवटी मागच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या पाठीमागं, जाऊन बसायचे. काही न बोलता. पाच मिनिटं. मालक अस्वस्थ व्हायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा जरा गार हवा खातोय.

गाडीवाल्यासमोर निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सांगायचे. पण त्याआधी घेणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला. घरी कोण कोण हाय? माणूस सांगायचा, आई आहे, बायको आहे, दोन पोरी आहेत. उस्ताद एकेकाला मान डोलवून ऐकून घ्यायचे, जणू ती माणसं समोर उभी आहेत. मग गाडी साधी, सुस्त, घरगुती असली तर म्हणायचे, पास. आणि गाडी पळणारी असली, खाली बसकी, टर्बोची, पोरांच्या डोळ्यांत भरणारी, तर ते ठरलेलं वाक्य यायचं.

"गाडी एक नंबर हाय. पण साध्या पेट्रोलवर चालत न्हाई."

मग ते समजावून सांगायचे. नांदेडात दोन पंपांवर भारी पेट्रोल मिळतं, मान्य. पण भोकरच्या पुढं गेलात तर काय पाजणार तिला? किनवटला, माहूरला, तिथं मिळतं का? साधं पाजलं तर सहा महिन्यांत इंजिन बसतं, मग मुंबईहून सामान मागवत बसा. माणूस हिरमुसायचा आणि दोन महिन्यांनी एखादी पांढरी, पाच माणसांची, चढावर धापा टाकणारी गाडी घ्यायचा. आमच्या कॉलेजच्या आवारात तशा अकरा गाड्या उभ्या असायच्या. एखाद्या सरकारी कचेरीचा दौरा निघालाय असं वाटायचं. सगळ्या उस्तादांनी पास केलेल्या.

देगलूरचे एक कंत्राटदार तर पुण्याहून एक काळी गाडी पसंत करून, तिचे फोटो घेऊन आले होते. उस्तादांनी गाडी न बघताच विचारलं, तुमच्या गावचा पंप कुठला? कंत्राटदार म्हणाले, पंप माझ्या मेव्हण्याचा आहे. उस्ताद जरा अडखळले. मग म्हणाले, मग तर बिलकुल घेऊ नका, मेव्हण्याशी संबंध बिघडतील. कंत्राटदारांनी शेवटी डिझेलची जीप घेतली. मी तिथंच होतो. पोट धरून हसलो.

उस्तादांच्या खुर्चीमागं भिंतीवर एक फळी होती. फळीवर खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. तीस-पस्तीस तरी असतील, गाड्यांच्याच. गॅरेजात मात्र एका वेळी दोन-तीनच गाड्या उभ्या असत. एकदा स्कूटरची केबल बदलायला गेलो तेव्हा मी चेष्टेत म्हणालो, उस्ताद, किल्ल्या इथं, गाड्या कुठं? ते केबल ओढता ओढता म्हणाले, मालक येतील तवा नेतील. मला वाटलं, उधारीवर अडकवलेल्या किल्ल्या असतील.

आता माझ्याबद्दल. मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवतो. घर आमचं औशाचं, किल्ल्याजवळ वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा धाकटा सातवीत होता. मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, म्हणजे भाऊ कमी आणि बाप जास्त. तो मला अण्णा म्हणायचा. आईला आम्ही दोघंही अव्वा म्हणतो. धाकटा औषध कंपनीत लागला, आणि लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा पट्टा त्याच्या वाट्याला आला. मोटारसायकलवर उन्हातान्हात बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात. एकदा घरी आला तेव्हा मानेची कातडी सोलून निघाली होती. अव्वानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोराला उन्हात जाळू नको, एक गाडी घेऊन दे.

धाकट्याला गाडी हवीच होती, पण पळणारी. नववीत असल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर त्या गाड्यांची चित्रं काढायचा. नांदेडातल्या एका डॉक्टरांचा मुलगा परदेशी चालला होता, त्याची लाल टर्बो गाडी विकायला होती. दोन वर्षं जुनी, फारशी न फिरलेली. धाकट्यानं ती बघितली आणि त्या दिवशी जेवला नाही. मी उस्तादांना घेऊन गेलो.

उस्तादांनी सगळं केलं. काडी, स्क्रू-ड्रायव्हर, दारं, अंगठा. मागच्या सीटवर तर या वेळी दहा मिनिटं बसले. गल्लीच्या तोंडाशी येऊन धाकट्याला विचारलं, छोटे सर, घरी कोण कोण हाय? धाकटा म्हणाला, अव्वा हाय, अण्णा हाय, वहिनी हाय, अण्णाची पोरगी हाय. उस्तादांनी चौघांना चार वेळा मान डोलावली. मग ते वाक्य आलं.

जे मी अव्वाला आजतागायत सांगितलेलं नाही, ते इथं लिहितो. धाकटा ऐकायला तयार होता. दोन दिवस तोंड पाडून बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "राहू दे अण्णा. उस्ताद नको म्हणून राहिले तर नको. ती करडी गाडी घेऊ." उस्तादांनी पास केलेली एक करडी गाडी होती, शोभा नसलेली, पण घेण्यासारखी. तो विषय तिथंच संपला असता. मी संपू दिला नाही. पेट्रोलवरून मला कुणी काही शिकवावं, तेही एका मेकॅनिकनं, हे माझ्या मनाला लागलं होतं. मी वीस वर्षं पोरांना ऑक्टेन शिकवत आलो होतो. पोराची गाडी राहिली बाजूला, मला माझा मुद्दा सिद्ध करायचा होता.

डॉक्टरांच्या घरी जाऊन मी त्या गाडीचं माहितीपुस्तक मागून आणलं. आत स्पष्ट छापलेलं होतं की साधं पेट्रोल चालतं. गॅरेजसमोरच्या हॉटेलात संध्याकाळी पाच-सहा जण बसायचे. बॅटरीवाला, स्पेअरपार्टवाला, आमच्या कॉलेजातले दोघं. उस्ताद बशीत चहा ओतून पीत होते. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, ते पान उघडलं आणि वाचून दाखवलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढं शिकवायला लागलो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, पेट्रोल दाबाखाली स्वतःहून न पेटता किती धीर धरतं त्याचा तो आकडा, आणि या इंजिनाला लागतो तेवढा धीर साध्या पेट्रोलात आहे. बॅटरीवाल्याला सगळं समजलं. मला मजा येत होती. हे लिहायलाच हवं की मला मजा येत होती.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"बराबर हाय सर," ते म्हणाले. "चालते."

स्पेअरपार्टवाला म्हणाला, मग आम्हाला इतकी वर्षं नाही का म्हणालात? कुणीतरी म्हणालं, सुस्त गाड्या विकणाऱ्यांकडून उस्तादांना खाऊ मिळत असेल. सगळे हसले. मीही हसलो. उस्तादांना कुणी काही देत नाही हे त्या टेबलावर सगळ्यांत जास्त मला माहीत होतं, तरी हसलो. ते उठले, हात धुतले आणि रस्ता ओलांडून शेडमध्ये गेले. मी स्कूटर काढली तेव्हा बाहेर आले. म्हणाले, "सर, नका घेऊ." मी म्हणालो, कारण सांगा. त्यांनी हँडलवर हात ठेवला. मग म्हणाले, कारण न्हाई.

कारण नाही म्हटल्यावर मी गाडी घेतली.

दहा दिवसांनी ती देवीला दाखवायला आम्ही माहूरला गेलो. अव्वा मागं बसली होती, मांडीवर नारळ आणि ओटीचं सामान. किनवटच्या पुढं मुद्दाम एका लहानशा पंपावर धाकट्यानं टाकी भरून घेतली. गाडी घाटात अशी चढली की अव्वानं डोळे मिटून घेतले. धाकटा हसत म्हणाला, अण्णा, उस्तादांना फोन लाव, म्हणावं गाडी साधं पिऊन राहिली. आणि मी लावला. भर रस्त्यात, गाडी बाजूला घेऊन, मी त्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, लई चांगलं झालं सर. सावकाश या. वर अव्वानं देवीच्या तांबुलाचा प्रसाद घेतला आणि पायऱ्यांवरच्या दुकानातून पितळी मुखवट्याची एक कीचेन घेऊन स्वतःच्या हातानं गाडीच्या किल्लीला अडकवली. आता ती बघती, म्हणाली.

त्यानंतर उस्तादांना कुणी गाडी बघायला नेलं नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. लोक नमस्कार करायचे, स्कूटर दुरुस्तीला टाकायचे, पण गाडी घ्यायची तर फोनवर बघून घ्यायचे. आमच्या स्टाफमधल्या दोघांनी पळणाऱ्या गाड्या घेतल्या आणि मला पेढे दिले, कारण धीर मी दिला होता. पांढरा कुर्ता मी त्यानंतर फक्त एकदा बघितला.

धाकटा गेला तो डिसेंबरातला दिवस होता, दुपारचे चार वाजलेले. मी प्रयोगशाळेत होतो. तो लोह्याकडून नांदेडला येत होता. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या, त्यांना ओलांडायला निघाला आणि समोरून टँकर आला. अशा गाडीत माणसाला वाटतं की आपण निघून जाऊ, आणि नव्वद वेळा निघूनही जातो. मी जागेवर गेलो नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा कापड तोंडावर घेतलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी औशाला उस्ताद आले. एसटीनं, लातूरला गाडी बदलून. अंगावर तोच इस्त्रीचा पांढरा कुर्ता. ओट्यावर भिंतीला टेकून बसले. अव्वा बाहेर आली, मी सांगितलं की नांदेडचे उस्ताद. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि आत जाऊन सुनेला चहा ठेवायला सांगितलं. उस्तादांनी चहा घेतला. परक्याच्या घरी त्यांना चहा घेताना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा उजवा हात सारखा खिशात होता. अव्वानं विचारलं, त्याला बघितलंवतं का तुमी? ते म्हणाले, हाव अम्मा, लई गुणी होते.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. वाटलं, हा माणूस स्वतःचं खरं झालेलं बघायला इथवर आलाय. स्टँडवर मी म्हणालो, बोला की आता, तुमचंच खरं झालं.

ते म्हणाले, "माझं कसलं खरं सर. मी तर झूट बोललो होतो."

लातूरची गाडी लागली आणि ते चढून गेले.

चार महिन्यांनी स्कूटरचा क्लच गेला. दुसऱ्या गॅरेजात न्यायची ठरवूनही मी उस्तादांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते आत पाना शोधत होते. मी त्यांच्या खुर्चीजवळ उभा होतो. नजर सहज फळीवर गेली. खालच्या ओळीत, शेवटच्या खिळ्याला, देवीचा पितळी मुखवटा लटकत होता.

मी खुर्चीत बसलो. उस्ताद पाना घेऊन आले, माझ्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं आणि पाना ठेवून समोर डब्यावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते नांदेडात फारच थोड्यांना माहीत होतं. मोठा अपघात झाला आणि माणूस आत अडकला की पोलिसांचा त्यांना फोन यायचा. ते गॅसचे सिलिंडर टेम्पोत टाकून जायचे आणि पत्रा कापायचे. वीस-बावीस वर्षं. पहिलं काम किल्ली फिरवून काढायची, कारण चालू गाडीला ज्योत लावता येत नाही. ती किल्ली खिशात राहायची. लोक येऊन घड्याळ मागतात, फोन मागतात, अंगठी मागतात, म्हणाले. किल्ली कुणी मागत नाही. पंचनाम्यात तिला रकाना नसतो. फेकून कशी देणार?

तेव्हा कुठं मला तो दाराच्या खांबावरून फिरणारा अंगठा कळला. ते कुठून कापावं लागेल हे बघत होते. मागच्या सीटवर ते बसायचे, कारण आत शिरून माणसाला काखेत धरून ओढायचं तर तिथंच गुडघा टेकावा लागतो. गाडी विकत घेण्याआधी उस्ताद तिच्यातून आम्हाला बाहेर काढून बघत होते. प्रत्येकाला.

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं? हॉटेलात? एवढं एक सांगितलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

ते हाताचं ग्रीस पुसायला लागले. "ती कुणाची तरी पोरं हायत सर. त्यांची मय्यत चहाच्या टेबलावर मांडू का मी? मेल्यावर पण त्यांना कामाला लावू?" मग म्हणाले, "झूट बोलणं सोपं होतं. चालून बी राहिलं होतं."

मी विचारलं, तो काही बोलला का? उस्ताद म्हणाले, न्हाई. आधीच गेले होते. गाणं चालू होतं आत. किल्ली काढली तवा बंद झालं. मी विचारलं, कोणतं गाणं? ते म्हणाले, ध्यानात न्हाई. इंजिनातला तिसरा व्हॉल्व्ह वाजतोय की चौथा, हे लाकडी मुठीतून ऐकणारा माणूस तो. हे त्यांचं दुसरं खोटं. हे मी पकडलं नाही.

किल्ली औशाला द्यायलाच आणली होती, म्हणाले, पण अम्मांना बघितलं आणि खिशातून हात निघाला नाही. घेऊन जा म्हणाले. मी उठून फळीपर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. क्लच दुरुस्त झाला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मी दिलेही नाहीत. तेव्हापासून त्यांच्या दारावरून जाताना मी स्कूटर सावकाश करायचो आणि ते आतून हात वर करायचे, इतकंच आमचं बोलणं उरलं.

दोन वर्षांपूर्वी उस्ताद गेले. झोपेतच गेले, याचं मला बरं वाटलं. त्यांची मुलगी शाळेत शिकवते. चाळीस दिवस झाल्यावर ती माझ्या कॉलेजात आली, पर्समधून रुमालात बांधलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाली, ही सरांची आहे. मी विचारलं, बाकीच्या? ती म्हणाली, बाकीच्यांचे पत्ते नाहीत.

मी ती औशाला नेली. अव्वाला कसं सांगायचं याची वाटभर तयारी केली होती, ती कामी आलीच नाही. अव्वानं किल्ली हातात घेतली, मुखवट्याकडं बघितलं, कुठं होती, कुणी दिली, काही विचारलं नाही. चिंच लावून मुखवटा घासला, पाण्यानं धुतला आणि किल्लीसकट देवघरात ठेवला. रोज पूजेला ती बाकीच्या देवांबरोबर त्यालाही हळद-कुंकू लावते. मी औशाला गेलो की देवघराकडं पाठ करून जेवतो.

गेल्या महिन्यात आमच्या विभागात नुकताच लागलेला एक तरुण प्राध्यापक माझ्याकडं आला. अठ्ठावीसचा असेल, उदगीरकडचा, कामाला चांगला. म्हणाला, सर, तुम्ही पेट्रोलचे जाणकार, एक सांगा, स्पोर्टी गाडी घ्यायची आहे, पण आमच्या गावाकडं फक्त साधं मिळतं. मी पेपर तपासत होतो. पेन खाली ठेवलं आणि उस्तादांच्या चालीवर, अगदी संथपणे म्हणालो, गाडी चांगली आहे, पण साध्या पेट्रोलवर चालत नाही. साधं पाजलं तर सहा महिन्यांत इंजिन बसतं.

त्यानं खिशातून फोन काढला. दोनदा अंगठा फिरवला आणि पडदा माझ्यापुढं धरला. सर, चालतं की, म्हणाला. कंपनीनंच लिहिलंय. त्याच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता. मी चष्मा लावून वाचलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "चालते."

तो जायला निघाला. माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी विचारलं, घरी कोण कोण आहे? तो जरा गोंधळला. म्हणाला, आई आहे सर, आणि मोठा भाऊ. वडील लहानपणीच गेले, भावानंच शिकवलं. गाडीही तोच घेऊन देतोय. मी म्हणालो, भावाला एकदा पाठव माझ्याकडं, माझं काम आहे. तो हो म्हणाला.

तीन आठवडे झाले. भाऊ आला नाही. काल तो मुलगा पेढे घेऊन आला होता.